एकवीस दिवसांचा पास

४ मे

वन्संना सा. न.

पोचले. गाडी वेळेवर आली. खोली मुख्य स्टेशनासमोरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. खिडकीतून दोन नंबरच्या फलाटाचं छप्पर दिसतं. घरमालकीण खमकी आहे. आल्याआल्या तिने चपला काढायची जागा दाखवली, आंघोळीची वेळ सांगितली आणि "नळ घट्ट बंद करायचा" असं बजावलं. मला ती एकदम आवडली.

आता मुद्द्याचं. निघताना दारात तुम्ही जे बोललात, ते मी गाडीत चार तास चघळत होते. "जा बाई, मजा कर, म्हातारीला माझ्या गळ्यात बांधून." टॅक्सीवाल्यासमोर बोललात. त्याने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाला तरी विहिरीत ढकलून निघालेय.

ही म्हातारी तुमची आई आहे, वन्सं. माझी सासू. तुमचा भाऊ जाऊन चार वर्षं झाली. त्याच्या आधीची सत्तावीस धरा. एकतीस वर्षं मी आईंचं करतेय आणि गळ्यात बांधलं असं मी एकदाही म्हटलेलं नाही. एकवीस दिवस मागितले, तेही तुमच्या शाळेला सुट्टी लागल्यावर.

फोन करायला जाऊ नका. मोबाईल मी मुद्दाम घरी ठेवलाय आणि इथला नंबर मी देणार नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो वन्सं, हो वन्सं" करते, तोंडाला वळणच पडलंय तसं. कागदावर तसं होत नाही. शिवाय मागचं मी विसरलेले नाही. भावाकडे चार दिवस गेले होते, तिसऱ्या दिवशी तुमचा फोन, "आई पडली." धापा टाकत आले तर आई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या. पडली होती ती त्यांची काठी. दुसऱ्या वेळी मैत्रिणीकडे. "आई जेवत नाही." आले तर आई दुसऱ्यांदा भात वाढून घेत होत्या. म्हणून या वेळी फक्त पत्ता. टपाल दोन दिवसांत पोचतं, मी चौकशी केलीय.

ओट्याशेजारच्या खिळ्याला वही टांगलीय. अकरा पानं आहेत. औषधं, वेळा, काय कुठे ठेवलंय, सगळं लिहिलंय. वाचा. आणि देवाजवळ संध्याकाळी दिवा लावा. तुमचा विश्वास नसला तरी चालेल, काडी ओढायला विश्वास लागत नाही.

तुमची वहिनी


७ मे

वहिनी,

पत्र मिळालं. मोबाईलचं मला आधीच कळलं होतं. तू नीट पोचलीस का विचारायला फोन लावला, तर तुझ्या टेबलाच्या खणात घंटा वाजायला लागली. दोन मिनिटं मी हातात फोन धरून स्वतःलाच फोन करत उभी. आई खुदुखुदु हसली. तिला हसायला काय जातंय.

काठीचं तू अजून उगाळतेस? काठी पडली तेव्हा आवाज झाला. मी घाबरले. घाबरणं हा गुन्हा असेल तर मी गुन्हेगार.

वहीचं सांगते. नऊशे पोरांची शाळा चालवते मी. कुणाला फिट येते, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाचा बाप दारू पिऊन फाटकाशी येतो, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. एका म्हाताऱ्या बाईला, तेही माझ्या स्वतःच्या आईला, सांभाळायला मी अकरा पानी वही वाचायची? लटकू दे तिला तिथेच.

उलट मीच तुला चार ओळी लिहून देते. 'साखर' लिहिलेल्या डब्यात मीठ. 'कॉफी' लिहिलेल्या डब्यात सुया-दोरे. 'बिस्किटे' लिहिलेल्या डब्यात कपड्यांचे चिमटे. काल सकाळी मी चहात दोन चमचे मीठ घालून प्यायले. तुझ्या स्वयंपाकघरात एका तरी डब्यावर खरं लिहिलंय का? माझ्या वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती. साखर शेवटी आईने शोधून दिली, खुर्चीतून उठलीसुद्धा नाही, काठीने दाखवलं. 'वॉशिंग सोडा' लिहिलंय त्यात!

आईचा हात धरला की नुसती हाडं लागतात. तू तिला घालतेस तरी काय? तिने तुझ्याबद्दल दोनदा विचारलं. हुरळून जाऊ नकोस, पेपरवाल्याबद्दल तीनदा विचारलं.

दिवा लावतेय.

वन्सं


९ मे

वन्संना सा. न.

आई वाळल्या आहेत कारण त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. तुम्ही वर्षातून चार दिवस येता, त्यांचे केस विंचरता, नखं कापता, शेजारणींना चहाला बोलावून दाखवता आणि जाताना जिन्यात मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणता, "आई वाळली हो." मग राहिलेले तीनशे एकसष्ट दिवस ते वाक्य माझ्या कानात वाजत राहतं. हे मी आजवर बोलले नाही. आज लिहिलं. बरं वाटलं.

डबे मला टाकवत नाहीत. चांगला पत्र्याचा डबा, झाकण घट्ट, का म्हणून टाकायचा? लेबल खरवडत बसायला वेळ नसतो. आणि वापरणारी मी, सांगणाऱ्या आई. आम्हा दोघींना पाठ आहे. तुम्हाला पाठ नाही, कारण तुम्ही त्या घरात पाहुण्या आहात. म्हणून तर वही लिहिली! पान तीन काढा. डब्यांचं राहू दे, मीठ खाऊन कुणी मरत नाही. पण डाव्या फळीवरच्या बाटल्यांचं तेवढं वाचाच. तुम्हाला हात जोडून सांगते.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी प्रवासाचं लिहिते. हा देश एवढासा आहे की सकाळी सातला निघालं की जेवायच्या वेळेला तो संपतो. संपतो म्हणजे खरंच संपतो. रूळ जातात, जातात, मग एक आडवं लाकूड, दोन कुंड्या, एक बाकडं आणि पुढे नुसतं पाणी. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं आणि आपण परत. मुख्य स्टेशनातून असे सात फाटे निघतात. चार झाले. नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढते. एका फाट्यावर गाडी कुणाच्या तरी परसातून गेल्यासारखी जाते, दोरीवरचे कपडे हात बाहेर काढला तर हाताला लागतील. एका बाईने गाडी यायच्या वेळेला बरोबर आपली चादर ओढून घेतली. सवय असणार. दुसऱ्यावर तीन बोगदे आहेत. बोगद्यात मी जप करते, बाहेर आलं की थांबते, कारण बाहेर बघायला खूप असतं. देव समजून घेईल.

मी कुठे उतरत नाही. रेल्वेचा एकवीस दिवसांचा पास गाडीत बसायचा आहे, उतरलं की तेवढा वेळ फुकट. मधल्या फाट्यावर एक म्हातारा टीसी आहे, निवृत्तीला आलेला. चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"बाई, तुम्ही जाता तरी कुठे?"

"शेवटपर्यंत."

"आणि मग?"

"मग परत."

"उतरून काही बघत नाही?"

"पास बसायचा आहे."

त्याने माझा पास पुन्हा एकदा उलटसुलट तपासला, मग मलाच तपासल्यासारखं बघितलं.

आपल्या ओट्यावर ते जुनं कॅलेंडर आहे ना, उंच कमानींच्या पुलावरून जाणारी लाल गाडी? अकरा वर्षं मी भांडी घासताना तो पूल बघतेय. परवा त्याच गाडीत बसून त्याच पुलावरून गेले. खिडकीला नाक लावून बसले होते. आणि पूल दिसला नाही! पुलावर असताना पूल दिसत नाही हो, दिसते ती दरी. मी संतापून टीसीला म्हटलं, "पूल कुठाय?" तो म्हणाला, "बाई, तुम्ही त्याच्यावर बसला होतात. बघायचा असेल तर अलीकडच्या थांब्यावर उतरा आणि समोरची टेकडी चढा. अर्धा तास लागेल."

बघते. अर्धा तास जायचा म्हणजे परतीची गाडी हुकते.

पान तीन.

वहिनी


११ मे

वहिनी,

आईला बरं नाही. काल संध्याकाळपासून खोकला, उलट्या. आज ताप आहे. डॉक्टर येऊन गेले.

तुझं नऊ तारखेचं पत्र आत्ता मिळालं. त्याचं उत्तर नंतर.

तू परत ये.

वन्सं


१३ मे

वन्संना सा. न.

नाही येणार.

पहिल्यांदा आले, दुसऱ्यांदा आले. दोन्ही वेळेला तुम्ही दारात उभ्या राहून "अगं, आता बरी आहे ती, पण आलीस ते बरं झालं" असं म्हणालात आणि पर्स उचलून संध्याकाळच्या गाडीने गेलात. मी माणूस आहे. खेळण्यातली गाडी नव्हे, किल्ली दिली की फिरून तुमच्या पायाशी यायला.

खोकला आईंना दर वर्षी होतो. पान पाच. ताप आला तर अर्धी गोळी, मऊ भात, पाठीला उशी. उलटी खोकल्याच्या उबळीने होते. डॉक्टर येऊन गेले म्हणता, मग झालं तर. मी आले म्हणजे ताप काय मला घाबरून उतरणार आहे?

तुमचं पत्र हातात आलं तेव्हा मी भयंकर चिडले. ते पत्र चुरगाळून टोपलीत टाकलं आणि तडक स्टेशनावर गेले. पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरले. हो, उतरले! टीसीने दारातून टोपी काढली. थांबा म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एक घड्याळ, बाकी काही नाही. टेकडी चढताना प्रत्येक पावलाला मी तुमच्याशी भांडत होते. एवढं चढून गेले ते रागाच्याच जोरावर, नाहीतर माझे गुडघे कुठले चढायला.

वर गेले. आणि पूल होता. कॅलेंडरात आहे त्याहून उंच, पण रंग तितका लाल नाही. पाऊण तास बसले. गाडी आली, मुंगीसारखी पुलावरून गेली. एकाही खिडकीत कुणी आहे की नाही ते दिसलं नाही. मला वाटलं, परवा मी त्यातच होते आणि मला कुणी बघितलं नाही. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुम्हाला नाही समजणार.

अजून तीन फाटे राहिलेत. ते मी करणार, शेवटच्या लाकडापर्यंत.

वहिनी


१५ मे

वहिनी,

आई हॉस्पिटलमध्ये आहे. तीन दिवस झाले. नाकाला नळी लावलीय. बोलत नाही.

तुझं पत्र तिच्या खाटेशी उभं राहून वाचलं. टेकडी! तू टेकडीवर पाऊण तास बसलीस!

आता ऐक तुझ्या पान तीनचं. दहा तारखेला संध्याकाळी आईला खोकला यायला लागला. मी कपाट उघडलं. डाव्या फळीवर खोकल्याच्या औषधाची बाटली. लेबल शाबूत, झाकण तेच, वर मापाचं टोपणसुद्धा. मी दोन टोपणं पाजलं. ते औषध नव्हतं. तू त्यात गुडघ्याला चोळायचं तेल भरून ठेवलं होतंस. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत! डब्यांवर मी हसले, आपण चहात मीठ पितो, ठीक. पण बाटली? ज्या घरात एक्याऐंशी वर्षांचं माणूस आहे त्या घरात? बाई, तू काय काटकसर करतेस की खून करतेस?

डॉक्टर म्हणाले, तेलाचा अंश छातीत उतरलाय. दोन्ही बाजूंनी. या वयात सांगता येत नाही म्हणाले.

अकरा तारखेला ये म्हटलं होतं. आली नाहीस. आता यायचं तर ये, नाहीतर तुझे फाटे मोज. आईला काही झालं तर त्या घराची पायरी मी चढणार नाही, आणि तुझं तोंडही बघणार नाही.

वन्सं


१८ मे, वॉर्ड

वन्सं,

काल दुपारी पत्र मिळालं, मिळेल त्या गाडीने निघाले, रात्री उशिरा घरी पोचले. आज सकाळी आले तर तुम्ही मला बघून पर्स काखेत मारलीत आणि एक अक्षर न बोलता जिन्याने उतरलात. एका वेळी एकच माणूस थांबू देतात, तेव्हा दिवस माझा, रात्र तुमची. बोलायचं नसेल तर बोलू नका. ही चिठ्ठी आईंच्या खाटेशेजारच्या खणात ठेवतेय. उत्तर तिथेच ठेवा.

आईंची नळी दुपारी काढली. अर्धी वाटी पेज घेतली. अजून बोलत नाहीत, पण माझ्याकडे बघून मान हलवली. नुसती पातळ पेज, पण सिस्टर म्हणाली चांगलं लक्षण आहे.

बाटली माझी. ते मी नाकारत नाही. नाकारायचं असतं तर सकाळी डॉक्टरांनी फेरीच्या वेळी "ती बाटली कुणी भरली होती?" असं विचारलं तेव्हा गप्प बसले असते. मी म्हटलं, मी. आठ खाटांसमोर त्यांनी मला झापलं. "शिकलेल्या दिसता, वाचता येतं ना तुम्हाला? मग दुसऱ्यांना वाचता येतं हे लक्षात येत नाही?" बाजूच्या खाटेवरची बाई उठून बसली ऐकायला. मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

तुम्ही तेव्हा विसरलेला थर्मास न्यायला परत आला होतात आणि तो घेऊन दाराशी उभ्या होतात. मी बघितलं तुम्हाला. तुम्हीही एक शब्द बोलला नाहीत. बाटली माझी, पण टोपण तुमच्या हातात होतं, वन्सं. एवढं तरी म्हणता आलं असतं.

आणि अकरा तारखेला "आईला बरं नाही" असं का लिहिलंत? चुकून तेल पाजलं, एवढं लिहिलं असतंत तर मी त्याच रात्री निघाले असते. टेकडीवर मला तुमच्या खोटेपणाने बसवलं. ते माझ्या नावावर लावू नका.

वहिनी


१९ मे

वहिनी,

खणातली चिठ्ठी वाचली. तू म्हणतेस दाराशी उभी होते. होते. थर्मास हातात इतका घट्ट धरला होता की बोटांना वळ उठलेत.

आता जे लिहिते ते एकदाच लिहिणार. नंतर मला विचारू नकोस.

आई म्हणाली होती.

टोपण तोंडाशी नेलं तेव्हा तिने वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे चोळायचंय." मी म्हटलं, "आई, नाटकं नकोत, तोंड उघड." ती म्हणाली, "वहिनी भरते त्यात तेल. उजवीकडची घे." तुझं नाव ऐकल्याबरोबर माझं डोकंच फिरलं. दिवसभर तेच चाललं होतं. वहिनी असं करते, वहिनी तसं करते, वहिनी भात असा मऊ करत नाही, वहिनी उशी अशी लावते. मी सहा दिवस राबत होते आणि त्या घरात माझं एकही काम तुझ्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी इथे नाहीये, मी आहे." आणि मी तिचं नाक धरलं. लहान पोराचं धरतात तसं. तिने तोंड उघडलं. मी दोन टोपणं ओतली.

दुसरं टोपण ओतताना मलाही वास आला होता. तरी हात थांबला नाही.

तीस वर्षं मुलांना शिकवतेय, समोरचं पोर काय सांगतंय ते आधी ऐका.

आता तुला हवं ते म्हण.

वन्सं


२० मे

वन्सं,

वाचलं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी उठले आणि वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आले, कारण वॉर्डात ओरडता येत नाही. नाक धरलंत! आईंचं! ज्या बाईच्या तोंडात मी गोळी ठेवण्याआधी तिला दाखवते, "ही पांढरी, ही पिवळी," त्या बाईचं!

मला हवं ते म्हणा म्हणालात. म्हणायला बसले तर काहीच पुरेसं वाईट सापडेना.

जपाला बसते आणि अर्ध्यातच तुमच्याशी भांडायला लागते. काल संध्याकाळी भांडता भांडता मध्येच दुसरंच काहीतरी डोक्यात आलं, आणि ते तुमच्याबद्दल नव्हतं. ती बाटली मी सहा वर्षांपूर्वी भरली. दर वेळी हातात घेते तेव्हा मनात येतं, कागद चिकटवावा. मग वाटतं, मला माहीत आहे ना. या वेळी तर वहीत लिहिलं आणि वाटलं, झालं माझं काम. कपाटात घातक वस्तू ठेवायची आणि पान तीनवर नोंद करायची! तुम्ही वाचणार नाही हे मला ठाऊक होतं. तुम्ही कधी कुणाचं लिहिलेलं वाचता? तरी मी बाटली नाही बदलली. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी होतं, की होऊ दे जरा फजिती, कळू दे घर चालवणं काय असतं. मिठाच्या चहाबद्दल वाचलं तेव्हा मी गाडीत मोठ्याने हसले होते.

म्हणजे मीही तेच केलं. तुम्हाला मला खाली पाडायचं होतं, मला तुम्हाला. मध्ये आई होत्या.

पासाचे चार दिवस उरलेत. जाऊ देत. मी आता कुठे जाणार नाही. मला फिरायला जायचंच नव्हतं असं समजा.

वहिनी


२१ मे

दोघींना,

चष्मा काढायला खण उघडला तर चष्म्याखाली तुमच्या चिठ्ठ्या, आणि लेकीने आणून ठेवलेली सुनेची टपालाची पत्रंही. वाचल्या. सगळ्या. दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत हे मला कळतं. पण माझ्याबद्दल लिहायचं, माझ्याच खणात ठेवायचं, आणि मला तेवढं वगळायचं, हे कुठलं वळण?

तीन दिवस माझ्या खाटेशी दिवसा एक, रात्री एक बसून तुम्ही कागदावर ठरवताय की चूक कुणाची. एकीने तरी मला विचारलंत? मी तिथे होते. गिळलं मी.

लेकीला सांगते. तू नाक धरलंस तेव्हा मला राग आला. अजून आहे. "माफ केलं असं लिहू का आजी?" असं सिस्टर विचारतेय. लिहू नको म्हटलं. करीन, घाई काय आहे? घशातली जळजळ तरी जाऊ दे. पण "वहिनी नाहीये, मी आहे" असं म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज सातवीतल्या पोरीसारखा झाला होता. तो मी ऐकला.

सुनेला सांगते. एकतीस वर्षं आईंचं करते, एकतीस वर्षं आईंचं करते, हे मी भिंतीआडून पुष्कळ ऐकलंय. आता कागदावरही वाचलं. तू आलीस तेव्हा मी पन्नासची होते. पहिली वीस वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक मी केला, तू चिरून द्यायचीस. तुला टायफॉइड झाला तेव्हा सव्वा महिना रात्री मी बसले. तेव्हा कोण कुणाचं करत होतं? आणि डबे मला पाठ आहेत म्हणतेस. पाठ आहेत. आवडतात असं मी कधी म्हटलं? कधी विचारलंस?

डॉक्टर मला परवा सोडतायत. मी लेकीकडे जाणार, शाळा उघडेपर्यंत. शिक्षा म्हणून नाही. तिचं घर मी बारा वर्षांत पाहिलेलं नाही. तिने कधी नेलं नाही आणि तू कधी पाठवलं नाहीस, दोघींना मी जिथे आहे तिथेच बरी वाटत होते. तिकडे काय कुठे ठेवायचं ते मी सांगेन. आणि मी सांगितलेलं ऐकायचं.

सुने, "मला फिरायला जायचंच नव्हतं असं समजा" हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. मी काय समजायचं ते तू ठरवू नकोस. अकरा वर्षं त्या कॅलेंडरासमोर उभी राहून एकच पातेलं तू कितीदा घासलंस ते मला दिसायचं. तीन दिवस उरलेत, जाण्यात एक जाईल. दोन तर दोन. तुझी पेन्सिलीची रेघ तीन फाट्यांवर ओढायची राहिलीय, त्यातला एक तरी कर. आणि या वेळी मधल्या स्टेशनावर उतर. पास वाया जाईल, जाऊ दे. उद्या सकाळी सातला गाडी आहे, सिस्टरला विचारून घेतलंय. तू इथे तोंड पाडून बसलेली मला नकोस. माझी पेज गार होते.

हे सगळं मी बोलले आणि सिस्टरने लिहून घेतलं, कारण माझा हात अजून थरथरतो. तेव्हा अक्षर तिचं आहे. राग माझा.

आई